चित्रपटाच्या प्रतीची पारख



वसंतात व्याख्याने भरवण्याची चाल पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पाडली, तेव्हा चित्रपट जन्मालाही आला नव्हता. पुढे तो आला, बोलू लागला, रंगीत झाला, आणि अशा व्यासपीठांवरून त्याच्यावर व्याख्यानेही होऊ लागली. परंतु ती होतात कथेवर, नटनट्यांवर, फार तर दिग्दर्शकावर. आपल्या घरात येऊन पडलेली चित्रपटाची प्रत पुरी आहे की अपुरी, अस्सल आहे की भेसळीची, हे कसे ओळखावे ह्यावर सहसा कोणी बोलत नाही. हा विषय आम्ही घेतला तेव्हा मंडळींपैकी काहींना नवल वाटले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, भविष्यनिर्वाह निधीवर बोलावे. त्याला चित्रपटाच्या तबकड्यांशी काय कर्तव्य?

नवल वाटण्याचे खरोखर कारण नाही. आमचा उभा जन्म माल आणि माप पारखण्यातच गेला आहे. घुग्घुस-सास्तीच्या खाणीतला कोळसा कोणत्या प्रतीचा, त्यात राख किती, काट्यावर गाडी नीट चढली की नाही, ह्यावर आम्ही वर्षानुवर्षे भांडत आलो. तेंदूपत्त्याच्या हंगामात आमची माणसे गडचिरोलीच्या फडीवर बसतात. तेथे सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी. मुन्शी हातात पुडा घेतो आणि पान बारके आहे, भोकाचे आहे म्हणून बाजूला टाकतो. मजुराच्या मालाची जर अशी पानापानाने परीक्षा होते, तर त्याच मजुराने पैसे मोजून घरी आणलेल्या करमणुकीची परीक्षा का होऊ नये?

प्रथम 'प्रत' म्हणजे काय ते पाहू. चित्रपट ज्या फितीवर प्रत्यक्ष टिपला जातो ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून मधल्या प्रती, त्यांच्यावरून चित्रगृहाच्या प्रती. घरी पाहण्यासाठी ह्यांपैकी कोणती तरी एक यंत्रावर चढवून तिचे चित्र उचलतात, त्याची सफाई करतात, मग ते आवळून तबकडीत किंवा तारेतून पाठवण्याजोगे करतात. म्हणजे आपल्या पडद्यावर जे दिसते त्यावर चार-पाच हातांची कारागिरी झालेली असते, आणि प्रत्येक हात काही तरी घेऊन जातो. मूळ निगेटिव्हवरून उचलले आहे की चित्रगृहांतून शंभरदा फिरून ओरखडलेल्या प्रतीवरून, हा सगळ्यांत मोठा प्रश्न. आणि वेष्टनावर नटाचा चेहरा मोठा छापलेला असतो, ही गोष्ट मात्र बहुधा छापलेली नसते.

आमच्याकडे घरचा चित्रपट कसा आला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला १९८२ साली, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्यानंतर व्हिडिओचे यंत्र आले. खाणीच्या वसाहतीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि उजाडेपर्यंत तीन-चार चित्रपट पाहायचे, असा तो जमाना. ती कॅसेट मुळातच जेमतेम दोनशे चाळीस रेघांचा तपशील दाखवणारी. शिवाय आपल्यापर्यंत पोचायची ती नकलेची नक्कल. त्यात चंद्रपूरचा सत्तेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि पाठोपाठ येणारा ओला पावसाळा. फितीला बुरशी धरायची आणि यंत्राचे डोके चोंदायचे. त्या काळी चित्राची तक्रार करणे म्हणजे धर्मशाळेत गादी मऊ नाही म्हणण्यासारखे होते.

मग व्हिडिओ सीडी आली. ती चकचकीत होती, स्वस्त होती, आणि इंद्रधनुष्यासारखी चमकायची, त्यामुळे लोकांना वाटले की चित्र सुधारले. मोझर बेअर कंपनीने २००७ साली अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा चोरीच्या प्रतींचा बाजार बसला नाही तरी हादरला. ती कंपनीही २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. स्वस्त माल म्हणून आम्ही कधी नाक मुरडले नाही. परंतु मालात काय आहे हे सांगितले पाहिजे. व्हीसीडीवरचे चित्र रुंदीला ३५२ आणि उंचीला २८८ ठिपक्यांचे. म्हणजे सगळे मिळून एक लाख ठिपके. डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर. ब्लू-रे तबकडीवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या पुढे. तथापि नुसत्या ठिपक्यांच्या संख्येवर भुलू नये. जमीन किती एकर आहे ह्याबरोबर तिला पाणी किती मिळते हेही पाहावे लागते. इथे पाणी म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी राखलेली माहिती. व्हीसीडीवर ती सेकंदाला साडेअकरा लाख बिट. डीव्हीडीवर जास्तीत जास्त अठ्ठ्याण्णव लाखांपर्यंत जाऊ शकते. 'जाऊ शकते' म्हणालो, कारण एकाच तबकडीवर तीन चित्रपट कोंबले की ती जात नाही. तिन्ही भावांना एका ताटात वाढले की कोणाचेच पोट भरत नाही.

आता आमचा मुख्य मुद्दा. चित्र आवळणारे यंत्र कसे काम करते? ते प्रत्येक चित्र नव्याने साठवत नाही. मागच्या चित्रापेक्षा ह्या चित्रात काय बदलले एवढेच ते टिपते, आणि जो बारीक तपशील डोळ्याला जाणवणार नाही असे त्याला वाटते तो सोडून देते. दिवाणखान्यात दोन माणसे बसून बोलत आहेत, मागे रंगवलेली भिंत आहे. अशा दृश्यात बदलते ते फक्त ओठ आणि हात. यंत्राचे काम सोपे आणि चित्र सुरेख. पण कॅमेरा जंगलात न्या. वाऱ्यावर एकेक पान हलते आहे, खाली नदीचे पाणी चमकते आहे, मध्येच धूर आहे, पाऊस आहे. प्रत्येक क्षणी सगळेच बदलते. यंत्राजवळ माहिती टिपायला जागा नाही. मग ते काय करते? पाने गाळते. सागाचे पान वेगळे, मोहाचे वेगळे, बांबूचे वेगळे, हे आमच्या पोराटोरांना कळते. स्वस्त प्रतीत मात्र सगळ्यांचा मिळून एक हिरवा काला होतो आणि त्यात चौकोनी ठोकळे थरथरताना दिसतात. आवळण्याच्या काटकसरीचा फटका शहराच्या चित्रपटाला कमी बसतो आणि रानाच्या चित्रपटाला जास्त. ह्यात कोणाचा कट नाही, ते गणित आहे. पण त्या गणितात नेमका आमचाच मुलूख वजा होतो, ही गोष्ट आमच्या दृष्टीने साधी नाही.

उदाहरण म्हणून डॉ. जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' घ्या. १९७७ सालचा चित्रपट, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, मोहन आगाशे, स्मिता पाटील, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. ठाकर समाजातला नाग्या डोंगरावरच्या मधमाश्यांशी वैर धरतो, अशी ती कथा. प्रत पारखण्यासाठी ह्याहून चांगला चित्रपट आम्हाला मराठीत सापडला नाही. त्यात डोंगर आहे, झाडी आहे, ढोल आहे, समूहाचे गाणे आहे आणि मधमाश्या आहेत. मोहोळ उठते तेव्हा पडद्यावर हजारो काळे ठिपके प्रत्येकी वेगळ्या दिशेने उडतात. यंत्राची ह्याहून कठोर परीक्षा दुसरी नाही. आम्ही पाहिलेल्या एका तबकडीत माश्या नव्हत्याच; कड्यासमोर एक करडा डाग पसरत होता, कोणी ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसा. आता विचार करा. नाग्याचे सगळे वैर त्या माश्यांशी. त्याच जर दिसल्या नाहीत तर तो कोणाशी लढतो आहे? गोष्ट कळते, पण भय कळत नाही.

दुसरी कसोटी अंधाराची. समृद्धी पोरे ह्यांचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो' हा २०१४ सालचा चित्रपट आमच्याकडे घरोघरी पाहिला गेला, कारण हेमलकसा आमचा. बाबा आमट्यांनी १९७३ साली भामरागडच्या रानात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तेथे वीज नव्हती आणि पुढेही कित्येक वर्षे नव्हती. अशा मुलखाच्या कोणत्याही चित्रपटात रात्र म्हणजे कंदील, शेकोटी आणि बाकी सगळा काळोख. चांगल्या प्रतीत त्या काळोखाला थर असतात : कंदिलाजवळचा तांबूस, मग तपकिरी, मग झाडांची रेघ, आणि तिच्यामागे आभाळ. वाईट प्रतीत त्याचे दोनच प्रकार होतात. एक तर सगळे डांबरासारखे काळे आणि त्यात चेहरा बुडालेला. नाही तर कोणी तरी उजेड वाढवून टाकलेला, त्यामुळे काळ्याचे राखाडी झालेले आणि त्या राखाडीत वाळूत उमटाव्यात तशा पायऱ्या-पायऱ्या दिसतात. खाणीत टोपीच्या दिव्यावर काम केलेल्या माणसाला अंधार कसा असतो हे शिकवावे लागत नाही. त्याला विचारा, तो पहिल्या मिनिटात सांगेल की हा अंधार खरा आहे की रंगवलेला.

चौकटीचा प्रश्न सगळ्यांत सोपा, आणि अन्याय मात्र तेथेच सर्वांत उघड. जुन्या बोलपटांचे चित्र जवळजवळ चौकोनी : उंची एक तर रुंदी सुमारे १.३७. आजचा टीव्ही रुंद, सोळास नऊ. जुना चित्रपट त्यावर लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या आल्याच पाहिजेत. पण पट्टी दिसली की लोकांना वाटते आपला टीव्ही वाया गेला. म्हणून विकणारे चित्र ताणतात किंवा वरून-खालून कापतात. ताणले की नायिका बसकी होते आणि बैलगाडीचे चाक अंडाकृती होते. कापले की माणसाचे कपाळ आणि पाय जातात. १९५३ सालच्या 'श्यामची आई'त आचार्य अत्र्यांनी वनमालाबाईंना आणि छोट्या माधव वझ्यांना एका चौकटीत उभे केले, ते आईची उंची आणि मुलाची उंची लक्षात घेऊनच. वरचा भाग कापला तर आई जाते आणि खालचा कापला तर श्याम. उलट सिनेमास्कोपची अवस्था : १९५९ च्या 'कागज के फूल'पासून आपल्याकडे रुंद चित्र आले, आणि जुन्या चौकोनी टीव्हीवर बसवताना त्याच्या दोन्ही कडा कापून टाकल्या गेल्या. कडेला उभा असलेला माणूस बोलतो आणि पडद्यावर नुसती भिंत दिसते, असे प्रकार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. चौकट तपासायला यंत्र लागत नाही. एखादे गोल चाक, एखादी थाळी, पूर्ण चंद्र शोधा. तो गोल आहे का पाहा. नावांच्या पाट्या कडेला कापल्या गेल्यात का पाहा. काम झाले.

आता सफाईविषयी, आणि इथे आमचे मत बऱ्याच लोकांना पटत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. फितीवरच्या चित्राला एक रवा असतो. तो धुळीचा नव्हे, ओरखड्यांचा नव्हे. चांदीच्या कणांतूनच चित्र बनलेले असते, तो त्याचा पोत आहे. ज्वारीच्या भाकरीला जसा पोत असतो तसा. आजकाल सफाई करणारी यंत्रे हा रवाच घाण समजून पुसून टाकतात. चित्र गुळगुळीत होते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण त्याबरोबर गालावरची सुरकुती जाते, खादीचा दोरा जातो, घामाचा थेंब जातो, आणि माणूस मेणाचा होतो. आम्ही ह्याला भेसळ म्हणतो. डाळ चकाकावी म्हणून तिला पॉलिश चढवतात, त्यातलाच हा प्रकार. ओरखडे काढावेत, फाटलेले सांधावे, थरथर थांबवावी. चेहरा धुवावा, पण सोलू नये. आणि कोणाला जुन्या चित्रपटाला रंगच चढवायचा असेल, जसा २००४ साली 'मुगल-ए-आझम'ला चढवला, तर त्याने ते उघड सांगून करावे. ते दुसरे चित्र आहे असे समजून आम्हीही पाहू.

वेगाबद्दल दोन शब्द. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांनी चालतो. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत मात्र पंचवीसची. म्हणून पुष्कळ डीव्हीडींवर चित्रपट सरळ थोडा पळवलेला असतो. शंभर मिनिटांचा शहाण्णव मिनिटांत उरकतो, आणि आवाज मुद्दाम खाली ओढला नाही तर चढतो. किती चढतो? षड्जापासून कोमल रिषभापर्यंत जे अंतर, त्याच्या दोन-तृतीयांशाहून किंचित अधिक. पेटी वाजवणाऱ्याला हे ताबडतोब खटकते. इतरांना नुसते वाटते की गाणारी बाई आज जरा घाईत आहे.

आवाजावर आम्हाला अधिक बोलायचे आहे, कारण चित्राची तक्रार करणारे पुष्कळ भेटतात आणि आवाजाची करणारा विरळा. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत असे हजारो लोक आहेत ज्यांचे कान कामावर गेले. कोळशाची खाण, सिमेंटची चक्की, कागद गिरणीचे चिपर, वीजकेंद्राचे टर्बाइन. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. तेथला आवाज किती असेल ह्याची कल्पना करा. अशा गोंगाटाने कान एकदम बहिरा होत नाही. प्रथम जाते ती सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासची पट्टी. ह्याचा अर्थ असा की माणसाला बोलणे ऐकू येते पण शब्द लागत नाहीत. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात; स, श, त, थ ही व्यंजने वरच्या पट्टीत असतात, ती गळतात. 'सात', 'हात' आणि 'पात' हे तिन्ही त्याला सारखेच. घरात मुले म्हणतात, बाबा टीव्ही मोठा का लावता? मोठा लावून उपयोग नसतो हे बाबांनाही कळते. पण दुसरा इलाज त्यांच्या हातात नसतो.

आता जुन्या चित्रपटाच्या ध्वनिपट्टीकडे या. तिची वरची मर्यादाच सात-आठ हजार कंपनांच्या आसपास; शिवाय तिच्यावर एक सततची सळसळ असते. सफाई करणारा ती सळसळ काढायला जातो. पण सळसळ जेथे राहते त्याच आळीत 'स' आणि 'श' राहतात. एकाला हाकलताना दुसऱ्यालाही हाकलले जाते. आवाज शांत होतो, गोड होतो, आणि तोंडात घोंगडी धरून बोलल्यासारखा होतो. ज्याचे कान धड आहेत तो अंदाजाने शब्द पुरे करतो. ज्याचे कान खाणीने नेले त्याची उरलीसुरली व्यंजनेही ह्या सफाईने गेली. म्हणून आम्ही म्हणतो, सळसळ थोडी राहू द्या, पण व्यंजन ठेवा. चित्राच्या रव्याची आणि आवाजाच्या सळसळीची गोष्ट एकच आहे.

नव्या चित्रपटांची तऱ्हा वेगळी. त्यांचा ध्वनी पाच-सहा वाटांनी बनवलेला असतो : संवाद मधल्या वाटेने, संगीत बाजूंनी, स्फोट आणि गडगडाट निराळे. घरच्या टीव्हीला मात्र दोनच बारीक कर्णे. सहा वाटांचे पाणी दोन वाटांत सोडताना संवादाचा वाटा आखडला गेला, तर माणसे कुजबुजतात आणि ढोल छप्पर उडवतो. पुष्कळ तबकड्यांवर आणि आजच्या तारेवरच्या सेवांवर दोन वाटांचा ध्वनी वेगळा निवडता येतो; तो निवडावा. खाली अक्षरे येत असतील तर ती लावण्यात कमीपणा मानू नये. आणि चित्रपटात माडिया किंवा गोंडी बोलणे असेल तर त्याखाली मराठी अक्षरे आहेत का, ती नीट आहेत का, की नुसते 'आदिवासी भाषेत बोलतो' असे लिहून वाटेला लावले आहे, हे अवश्य पाहावे. माणूस काय बोलला ह्याऐवजी तो कोणत्या जातीच्या भाषेत बोलला एवढेच सांगणारी प्रत आमच्या मते नापास.

झाडीपट्टीचा प्रेक्षक ह्या बाबतीत फार तयार असतो. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव नाटके करतात, ती रात्रभर चालतात. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला संवाद ऐकू आला नाही की ती तेथूनच ओरडते. तीच म्हातारी घरी टीव्हीपुढे मुकाट्याने बसते. कारण समोर ओरडून सांगावे असा कोणी नट नसतो.

पारख करण्याआधी आपला काटा साफ आहे की नाही तेही पाहिले पाहिजे. नवा टीव्ही दुकानात भडक दिसावा म्हणून भडक करूनच पाठवलेला असतो. त्यात चित्रपटासाठी सौम्य रंगांची सोय असते, ती लावावी. दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरे चित्र घालून हालचाल गुळगुळीत करण्याची करामत असते, ती बंद करावी. तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसतो. खोलीतला दिवा पडद्यावर पडू देऊ नये. मग एकाच चित्रपटाच्या दोन प्रती मिळवाव्या, आणि तीन जागा निवडून पाहाव्या : उजेडातला जवळचा चेहरा, रात्रीचे दृश्य, आणि दूरची झाडी. चौथ्या वेळी डोळे मिटून नुसते ऐकावे. पाव तासाचे काम आहे.

आमचा एक जुना सहकारी ह्यावर म्हणतो, "गोस्ट समजली नं भाऊ, मंग आनखी कायले पायजे?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. गोष्टच हवी असेल तर ती शेजाऱ्याने सांगितली तरी चालते. चित्रपट पाहायचा तो कोणाचा तरी चेहरा, कोणाचा तरी गाव, कोणाचा तरी आवाज जवळून भेटावा म्हणून. शिवाय ह्या प्रश्नाच्या पोटात एक दुसरा समज दडलेला आहे, आणि तो आम्हाला मान्य नाही : गोष्ट गरिबाला पुरे, चित्र श्रीमंतासाठी. अन्नधान्याच्या दुकानात आपण हे कधी चालू दिले नाही. पोट भरले ना, मग खडे का मोजता, असे म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर देतो ते आठवा.

मात्र एक भेद सांभाळला पाहिजे. म्हातारपणाच्या सुरकुत्या वेगळ्या आणि हलगर्जीपणाचे व्रण वेगळे. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फितीवर निघत. ती फीत बारूदासारखी पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठारांना आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह तीत गेल्या. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर ह्यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून फिती गोळा केल्या, म्हणून बरेच चित्रपट निदान दुय्यम प्रतींतून उरले. अशा चित्रपटाचे चित्र थोडे मऊ असेल, मध्ये उडी असेल, तर कुरकुर करू नये. जे आहे ते तेवढेच आहे. नायट्रेटनंतरची फीतही अमर नाही. तिला उष्ण, दमट हवेत शिरक्यासारखा आंबट वास सुटतो आणि ती आक्रसते. आपल्या हवेत तर विचारूच नका.

पण मन लावले तर काय होते तेही पाहा. सत्यजित राय ह्यांच्या 'पथेर पांचाली'ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली. जळकी, ठिसूळ रिळे कोणी फेकून दिली नाहीत. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी ती मऊ करून, हाताने सांधून, वाचली तेवढी वापरली, उरलेला भाग दुसऱ्या प्रतींवरून घेतला, आणि २०१५ साली चित्रपट पुन्हा उभा राहिला. त्याच गावी २०२५ साली 'शोले' मूळ शेवटासह आणि सत्तर मिलिमीटरच्या रुंद चौकटीत दाखवला गेला. आपण वसाहतीत रात्ररात्र जागून जो पाहिला त्याचा शेवटही वेगळा होता आणि कडाही कापलेल्या होत्या. 'श्यामची आई' सरकारी मोहिमेतून दुरुस्त होऊन २०२३ साली गोव्याच्या चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. ही कामे झाली ह्याचा आनंद आहेच. आमचे मागणे एवढेच की महोत्सवात जी प्रत जाते तीच राजुऱ्याच्या, आरमोरीच्या घरातही यावी. दुरुस्ती जनतेच्या पैशाने, आणि जनतेला मात्र जुनीच धुरकट प्रत फुकट पाहायला मोकळी, हा हिशेब आम्हाला जुळत नाही.

आता तबकड्यांची दुकाने उठली आणि चित्रपट मोबाइलवर, तारेवरून येतो. नव्या व्यवस्थेची एक खुबी आहे. जेथे नेट जोरात तेथे यंत्र चांगले चित्र पाठवते. जेथे मंद तेथे आपण होऊन वाईट पाठवते, कोणाला न विचारता. नागपूरच्या माणसाने आणि भामरागडच्या शिक्षकाने महिन्याला तेवढीच वर्गणी भरली. एकाला पान न् पान दिसले, दुसऱ्याला हिरवा काला. पूर्वी निदान तबकडी दोघांना सारखीच मिळत असे. ह्यावर इलाज आहे : बहुतेक सेवांत चित्रपट आधी उतरवून ठेवता येतो, आणि उतरवताना उत्तम प्रत निवडता येते. रात्री नेट मोकळे असताना लावून ठेवावे, सकाळपर्यंत उतरते. पण कमी माल दिला तर कमी दाम घ्यावे, ही मागणी ग्राहकांनी एकत्र येऊन केली पाहिजे. एकट्याने तक्रार केली की यंत्रच उत्तर देते. शंभर जणांनी केली की माणूस देतो, एवढा अनुभव आमच्या गाठीशी आहे.

म्हणून ह्या गावच्या वाचनालयात आम्ही एक वही सुरू केली आहे. चित्रपटाचे नाव, साल, प्रत कोठली, चौकट पुरी की कापलेली, चेहरा कसा, अंधार कसा, झाडी कशी, बोलणे लागते की नाही, असे रकाने आखले आहेत. गुण द्यायचे नाहीत. जे दिसले, जे ऐकू आले ते लिहायचे, आणि लिहिणाऱ्याचे कान कामावर गेले असतील तर तेही लिहायचे, कारण त्याची नोंद आम्हाला जास्त मोलाची. वही दाराजवळच्या टेबलावर आहे, पेन दोऱ्याने बांधलेले आहे. पहिल्या पानावर तीन नोंदी झाल्या आहेत. तिसरी एका निवृत्त खाणकामगाराने मुलाकडून लिहून घेतली आहे : "चित्र बरे. आईचे बोलणे समजते. बापाचे समजत नाही, पाऊस लागला की कोणाचेच नाही."